न नेमलेल्या कविता

३ जुलै

धाकट्यास, दादाचे आशीर्वाद.

टक, टक-टक, टक. आठवतो का तुला हा आवाज? आपले मास्तर कविता म्हणून घेताना बोटातली अंगठी टेबलावर आपटून ठेका धरायचे. वर पत्र्याचं छप्पर, खाली आपण सगळी पोरं, आणि होडीची कविता सुरू झाली की अख्खा वर्ग होडीसारखा डुलायचा. तू पुढच्या बाकावर. मी मागच्या. खरं तर मी तुझ्या वर्गात असायला नको होतो, पण गणितात गटांगळ्या खात खात तुझ्यापर्यंत येऊन पोचलो होतो. तू कविता चालू असतानाही वहीच्या कडेला वर्गमुळं काढायचास. मला तुझी कीव यायची.

तीन वर्षांनी लिहितोय. आपण का बोलत नाही ते तुला ठाऊक आहे, मलाही आहे. तुझ्या लेकीच्या लग्नात व्याह्यांसमोर तू म्हणालास, ‘आमच्या दादाला अख्खं पुस्तक पाठ आहे, फक्त दहावी तेवढी पास व्हायची राहिली.’ सगळे हसले. मीही हसलो. मग न जेवता घरी आलो. तुझी वहिनी तेव्हा होती. ती म्हणाली, ‘अहो, गणिताचे मास्तर ते, शिल्लक काय राहिली एवढंच त्यांना दिसतं.’

पण जुनं उकरायला लिहीत नाहीये. एक बातमी आहे. मी शिकवायला लागलोय.

हसू नकोस. सरकारनं मोठ्या माणसांसाठी घरबसल्या शिक्षणाची योजना काढलीय. फी माफ, पुस्तकं घरी येतात, धडे मोबाइलवर ऐकायला मिळतात. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, एकेक करून सोडवले तरी चालतात. रविवारी तेवढं जवळच्या शाळेत जमायचं, त्याला संपर्क वर्ग म्हणतात. तिथं मराठीचा वर्ग माझ्याकडे आहे. पोरांच्या बाकांवर चाळिशी-पन्नाशीची माणसं गुडघे वाकडे करून बसतात आणि मला सर म्हणतात. आयुष्यभर दुकानात कापड फाडलेल्या तुझ्या दादाला!

हे सगळं कसं जमलं ते पुढं कधीतरी लिहीन. गेलो होतो वेगळ्याच कामासाठी. आज हात दुखतोय.

दादा


२१ जुलै

धाकट्यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी मात्र लिहिणार, कारण मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही.

मी त्या शाळेत नाव नोंदवायला गेलो होतो. विद्यार्थी म्हणून. दहावी पास व्हायचं आणि गुणपत्रिका पाकिटात घालून तुला पाठवायची, सोबत एक शब्दही लिहायचा नाही, असा माझा बेत होता. तुझी वहिनी गेल्यावर संध्याकाळी खायला उठतात, त्यात हा बेत मी रोज थोडा थोडा रंगवायचो.

शाळेतलं हे केंद्र चालवणाऱ्या बाई कानाशी फोन धरून, हातात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन दारातच उभ्या होत्या. माझा पांढरा सदरा, कडक इस्त्री, चष्मा. दुकानाची सवय, दुसरं काय. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. ‘आलात? देवासारखे आलात! मराठीचे ना? खात्यानं कळवलं होतं, निवृत्त शिक्षक पाठवतो म्हणून. वर्ग तिसरा, उजवीकडे.’

मी म्हणालो, ‘बाई, मी...’

‘कागदपत्रं सावकाश द्या हो सर, माणसं ताटकळलीत.’

व्हरांडा चांगला लांब होता. परत फिरायला पुष्कळ जागा होती. मी फिरलो नाही. मनाशी म्हणत होतो, आत जाऊन सांगू की चूक झालीय. आत पाऊल टाकलं आणि ती सगळी माणसं उभी राहिली. धाकट्या, माझ्यासाठी आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं. दुकानात मी उभा असायचो आणि गिऱ्हाईक बसलेलं असायचं.

मग मी होडीची कविता म्हटली. ताग्यासारखी उलगडली, सरसर, शेवटचा पदर त्यांच्या पुढ्यात पडेपर्यंत. कुणी हललं नाही. मागच्या बाकावरचा एकजण, पेशानं पहारेकरी, म्हणाला, ‘सर, वन्स मोअर.’ झालं. त्या दिवशी सांगायचं राहिलं ते राहिलंच.

वर्गात एक बाई आहे, दवाखान्यात काम करते. रुग्णांना उठवणं, पुसणं, चादरी बदलणं. वयानं माझ्या मुलीसारखी, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. रात्रपाळी संपवून थेट वर्गाला येते, पिशवीत घडी केलेला गणवेश असतो. बाकी सगळे विषय तिनं एकेक करून सोडवलेत, मराठी तेवढी राहिलीय. दवाखान्यानं फर्मान काढलंय की या वर्षात जे दहावी होतील ते कायम, उरलेले सगळे ठेकेदाराकडे. तिनं मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं. सांगून म्हणाली, ‘पण आता तुम्ही आलात, आता काळजी नाही.’

पुस्तक पाहिलं मी त्यांचं. कपाटात गठ्ठा आहे. चाळलं आणि ठेवून दिलं. सगळ्या कविता नव्या. एक तर चक्क लिफ्ट चालवणाऱ्या माणसावर आहे. यमक नाही, चाल नाही, हिला कविता कोण म्हणेल? मी त्यांना खऱ्या कविता शिकवतो, आपल्या वेळच्या. व्याकरण त्यांचं ते मोबाइलवर ऐकतातच. गृहपाठ आले की खाली ‘छान’ लिहितो.

बाईंनी मानधनाचा कागद पुढं केला. सही करायला हात धजेना. म्हणालो, मला काही नको, ही सेवा आहे. तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! कान असे तापले म्हणून सांगू.

दादा


१८ ऑगस्ट

धाकट्या,

आज आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

सराव परीक्षा झाली. पेपर मुख्य कार्यालयातून येतात, तपासूनही तिथूनच येतात. काल गठ्ठा आला आणि बाईंनी तो माझ्या हातात दिला. ‘वाटा सर, तुमचीच लेकरं.’

मावशी नापास. लिफ्टवाल्याच्या कवितेवर प्रश्न होता, कवीला काय म्हणायचंय ते लिहा. तिनं त्या जागी होडीची कविता लिहिली होती. अख्खी. एक काना इकडचा तिकडे नाही, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. पुढच्या दोन प्रश्नांनाही माझ्याच कविता. समासात तांबड्या शाईनं लिहिलेलं, ‘ही कविता अभ्यासक्रमात नाही.’

पहारेकरी पास झाला. कसाबसा, पण झाला. तो मोबाइलवरचे धडे ऐकत पहारा देतो. पेपर फडकवत म्हणाला, ‘सर, राग मानू नका, तुमच्या तासाला मला झोप लागते. म्हणून वाचलो बघा!’ सगळे हसले. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, तो किती खरं बोलला ते.

वर्ग सुटल्यावर मावशी थांबली. मला वाटलं, आता ती विचारणार आणि मी सांगणार. खरं सांगतो, थोडं बरंच वाटलं, की चला, सुटलो एकदाचा.

ती पिशवी छातीशी धरून उभी. म्हणाली, ‘सर, चुकलं माझं.’

‘कसलं?’

‘तुम्ही लिफ्टची कविता शिकवली असणार. रात्रपाळीहून येते ना, मधे डुलकी लागत असेल. नेमकी तेवढीच निसटली. तुमच्या मेहनतीवर पाणी फिरवलं मी.’

धाकट्या, तिचे डोळे लाल होते. जागरणानं की कशानं ते मी विचारलं नाही. मी तिला म्हणालो, ‘असू दे. पुढच्या वेळी लक्ष ठेवा.’

हेच म्हणालो मी. वर चष्मा पुसला. ती ‘हो सर’ म्हणाली आणि वाकून नमस्कार करून गेली.

मी घरी येऊन दिवा न लावता बसलो. तू लग्नात मला हसलास ते मी तीन वर्षं जपून ठेवलं, कापडाच्या घडीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवावं तसं. तू निदान खरं बोलला होतास. मी जे केलं त्याला काय म्हणायचं?

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तू चाळीस वर्षं शिकवलंस. दोन आठवडे ये इथं. माझ्यासाठी नको, त्या बाईसाठी ये. मी स्टेशनवर घ्यायला येईन. वाटल्यास येणार नाही. तू सांगशील तसं.

दादा


२९ ऑगस्ट

धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर दिसलं आणि मजकूर काय, तर ‘दादा, आधी त्यांचं पुस्तक वाच.’ बस्स. खाली सहीसुद्धा नाही. उत्तराखाली दोन रेघा मारायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. मी कार्ड टेबलावर आपटलं. शिव्याही दिल्या, तुला उचक्या लागल्या असतील. मग चहा केला आणि पुस्तक उघडलं.

लिफ्टवाल्याची कविता चार वेळा वाचली. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा राग. तो माणूस दिवसभर बटणं दाबून लोकांना वर नेतो, गच्चीपर्यंत. लोक उतरून जातात, दार मिटतं आणि तो खाली येतो. वर काय दिसतं ते त्यानं कधी पाहिलेलं नाही. एवढंच आहे त्यात. चौथ्यांदा वाचताना मला मावशी आठवली, स्ट्रेचर ढकलत लिफ्टपाशी उभी. ही कविता मी तिच्यापासून लपवून ठेवली होती रे. चाल लागत नाही म्हणून.

रविवारी वर्गात गेलो. ते उभे राहिले. मी म्हणालो, बसा, आणि यापुढं माझ्यासाठी उभे राहू नका. बाईंना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. ‘मी शिक्षक नाही. कापडाच्या दुकानात होतो. दहावी नापास आहे. इथं नाव नोंदवायला आलो होतो. जे शिकवलं ते तुमच्या पुस्तकात नाही.’ पाठ केलं होतं, तरी मधे दोनदा अडकलो.

बाई मटकन बाकावर बसल्या. ‘अहो, मी अहवालात लिहून पाठवलंय, मराठीचे शिक्षक रुजू म्हणून! तुमची कागदपत्रं मागायचंसुद्धा सुचलं नाही मला. आता खात्यानं केंद्रच बंद केलं म्हणजे?’

पहारेकरी म्हणाला, ‘आयुष्य गेलं माझं दारावर उभं राहून, आणि वर्गात हे असे शिरले! माझीच नोकरी जायला पाहिजे.’ कोणी हसलं नाही.

मावशीनं एकच विचारलं. बसल्या जागेवरून, शांतपणे. ‘त्या दिवशी मी चुकलं म्हणाले, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?’

‘हो.’

तिनं वही पिशवीत घातली, चेन ओढली आणि निघून गेली. दार लोटलंसुद्धा नाही तिनं. व्हरांड्यात तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. व्हरांडा लांब आहे म्हणालो ना.

बाईंनी तिथल्या तिथं खात्याला फोन लावला. खरं ते सगळं सांगितलं. ते निवृत्त शिक्षक आजारी पडले होते, तसं कळवायचं खात्याकडून राहून गेलं होतं. केंद्र चालू राहील, पण नवा शिक्षक परीक्षा झाल्यावरच मिळेल. फोन ठेवून त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘नाव नोंदवायला आला होतात ना? मग नोंदवा.’ फॉर्म भरला. माझी परीक्षा सहा महिन्यांनी. ‘मागच्या बाकावर जागा आहे,’ त्या म्हणाल्या.

गुडघे खरंच बसत नाहीत त्या बाकात. इतके रविवार मी ते नुसतं बघत होतो.

दादा


९ सप्टेंबर

धाकट्यास आशीर्वाद.

मावशी आली नाही. या रविवारी नाही, मागच्याही नाही. परीक्षा तोंडावर आलीय. इतरांनी माझ्याशी बोलणं टाकलेलं नाही, हे जास्त जड जातं. पहारेकरी माझ्या शेजारी बसतो आणि कोपरानं ढोसून विचारतो, ‘काय सर, झोप येतेय का?’ सर म्हणायचं काही सोडत नाही. आम्ही दोघांनी लिफ्टची कविता फोडून फोडून वाचली. तो म्हणतो, त्या माणसाला गच्चीवर जायचंच नाहीये, वर ऊन असतं. मी म्हणतो, कवितेत ऊन कुठं आहे? चांगलंच भांडलो. एका कवितेचा अर्थ कुणालाच लागला नाही, बाईंनासुद्धा.

दवाखान्यात जाऊन आलो. म्हणजे फाटकापर्यंत. तिला पुस्तक द्यायचं आणि म्हणायचं, माझ्यावरचा राग परीक्षेवर काढू नका. व्हरांड्यात ती दिसली. चादरींचा ढीग हनुवटीपर्यंत, त्यावरून वाट बघत चाललेली. तिचं लक्ष गेलं असतं, पण मी खांबाआड झालो. या वयात, धाकट्या! पोरगं शाळा चुकवून लपतं तसा मी एका बाईच्या नजरेतून लपलो आणि पुस्तक घेऊन परत आलो. कपाळ नुसतं जळत होतं. ती नापास झाली तर ठेकेदाराकडे जाईल, आज आहे नि उद्या नाही असली नोकरी, आणि मी इथं बसून तुला छान छान पत्रं लिहिणार. तुला लिहिणं सोपं जातं, कारण त्या एका कार्डापलीकडे तू उत्तर देत नाहीस.

तू एवढं एकच सांग. समज, माझ्यासारख्या

थांब. कोणीतरी दार ठोठावतंय. दुपारी माझ्याकडे कोण येणार?

घाईघाईत लिहितोय. एक म्हातारी आलीय, माझ्याहून मोठी असेल. जिन्यानं तिला धाप लागली, म्हणून उंबऱ्याशीच बसलीय. पाणी दिलं, ते तिनं बाजूला ठेवलं. मी या बाईला जन्मात पाहिलेलं नाही. आल्या आल्या म्हणाली, ‘तुम्हीच का ते कवितावाले? खोटे मास्तर?’

मी हो म्हणालो.

‘दवाखान्यात काम करते ना, तिची सासू मी. त्या केंद्राच्या बाईकडून पत्ता काढला. सून काही तुमच्या दारात यायची नाही. तिचा राग उतरायला वर्ष लागतं, मी भोगलंय. पण परीक्षा वर्षभर थांबायची नाही.’

मी म्हणालो, ‘आजी, मला शिकवता येत नाही हो. मीच विद्यार्थी आहे.’

‘शिकवायला कोण सांगतंय? केलंत तेवढं पुरे. ती एकटी पुस्तक घेऊन बसली की दोन ओळींत मान टाकते. कोणीतरी समोर बसून बरोबर वाचायला पाहिजे, झोपली की हलवायला पाहिजे. मला अक्षर येत नाही, नाहीतर तुमच्याकडे कशाला आले असते? तेवढं जमेल?’

पुस्तक टेबलावरच आहे. सदरा चुरगळलेला आहे, इस्त्रीला वेळ नाही. मी विचारलं, ‘पण आजी, ती मला घरात घेईल?’

म्हातारी भिंतीला धरून उठली.

‘घर माझं आहे,’ म्हणाली. ‘चपला घाला.’